वऱ्हाडातील पाणवठा आणि हातपंप : खोली, गोडी व अधिकार

एखाद्या यंत्राचा इतिहास सांगताना ते प्रथम कोणी घडविले, कोणत्या साली आले आणि त्याचा प्रसार किती झाला, एवढे नोंदविले म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळदा आढळतो. गावच्या पाण्याच्या बाबतीत हा समज विशेष दिशाभूल करणारा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत ओतीव लोखंडाचा हातपंप रूढ झाला. त्याच शतकाच्या मध्यास, १८५३ साली, वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. त्यामागोमाग तारायंत्र आले, कापूस पिंजण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने आले, अमरावतीची कापूसपेठ सातासमुद्रापलीकडील बाजाराशी जोडली गेली. तथापि या यंत्रांच्या मानाने अगदी साधा, दोन झडपा व एक दांडा एवढ्यावर चालणारा हातपंप मात्र वऱ्हाडच्या खेड्यात सार्वत्रिक होण्यास विसाव्या शतकाचे आठवे दशक उजाडावे लागले. मध्यंतरीच्या शंभर वर्षांत खेड्यातील स्त्रीच्या हातचा दोर सुटला नाही.

याचे कारण परकी सरकारची अनास्था, असे उत्तर सहज सुचते. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. गावपंप हे यंत्र तीन गोष्टी गृहीत धरून उभे राहते. पाणी हाताच्या बळाने उचलता येईल इतके जवळ असले पाहिजे. ते पिण्याजोगे असले पाहिजे. आणि जो कोणी दांड्याला हात घालील त्याला तो घालू दिला पाहिजे. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत या गोष्टी कमीअधिक प्रमाणात पूर्वीपासूनच जुळलेल्या होत्या. वऱ्हाडात त्या जुळलेल्या नव्हत्या. खोली, गोडी व अधिकार या तीन प्रश्नांची उत्तरे येथे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या माणसांनी व निरनिराळ्या मार्गांनी शोधली. त्या शोधाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. इंग्लंडातील गावपंप

इंग्लंडच्या खेड्यातील सार्वजनिक पंप प्रायः गावच्या हिरवळीवर, चौकात किंवा प्रार्थनामंदिराच्या जवळ उभा असे. प्रारंभी असे पंप लाकडाचे किंवा शिशाचे असत. एकोणिसाव्या शतकात ओतशाळांनी ते लोखंडात ओतण्यास सुरुवात केल्यावर ते स्वस्त व टिकाऊ झाले. १८८७ व १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचे महोत्सव झाले, तेव्हा काही गावांनी स्मारक म्हणून पंपच उभारले. १८९४ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने गावपरिषदांना आपल्या हद्दीतील विहिरी, झरे व ओढे यांचा पाणीपुरवठ्यासाठी उपयोग करण्याचा अधिकार दिला. पंप हा गावच्या सामाईक जीवनाचा भाग झाला, आणि इंग्रजी भाषेत क्षुल्लक स्थानिक राजकारणाला गावपंपाचे राजकारण म्हणण्याचा प्रघात पडला. सधन घरांतून स्वतंत्र पंप असत, गरिबांना चौकातल्या पंपावर यावे लागे, हा भेद तेथे होताच. परंतु एकाच्या स्पर्शाने दुसऱ्याचे पाणी बाटते ही कल्पना तेथे नव्हती.

या पंपाची रचना साधी आहे. नळकांड्यात कातड्याचा वायसर लावलेला दट्ट्या वर ओढला की खाली हवा विरळ होते आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतील पाण्याला नळीतून वर ढकलतो. म्हणजे पाणी पंप ओढत नाही, हवा ते चढविते. या हवेच्या दाबाला मर्यादा आहे, हे तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या सतराव्या शतकातील प्रयोगांनी सिद्ध झाले. समुद्रसपाटीस हा दाब फार तर ३४ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. झडपांतून होणारी गळती व वायसराची झीज लक्षात घेता प्रत्यक्षात पंचवीस फुटांच्या आसपासच असा पंप नीट काम देतो. याहून खोल पाण्यासाठी नळकांडे विहिरीत खाली उतरवावे लागते आणि दांड्यापासून दट्ट्यापर्यंत लांब सळई न्यावी लागते. मग यंत्र महाग होते, सांधे वाढतात आणि दुरुस्तीही वाढते.

इंग्लंडातही जेथे ही अट पुरी होत नव्हती तेथे साधा पंप निरुपयोगी ठरला, याचे एक उदाहरण हिंदी वाचकाला विशेष कुतूहलाचे वाटेल. ऑक्सफर्डशायरमधील स्टोक रो हे गाव चुनखडीच्या टेकड्यांवर वसले आहे आणि तेथे भूजल फार खोल आहे. उन्हाळ्यात तेथील लोकांना डबक्यातील पाण्यावर भागवावे लागे. त्या भागातील एडवर्ड रीड हे गृहस्थ हिंदुस्थानात वायव्य प्रांतात अधिकारी होते. त्यांनी आपल्या गावाकडील पाण्याच्या हालाची हकीकत काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. ती आठवण ठेवून महाराजांनी त्या गावाला विहीर बांधून दिली. १८६४ च्या मे महिन्यात ती खुली झाली. तिची खोली ३६८ फूट आहे, आणि तिच्यावर पंप न बसविता बादल्या वरखाली करणारा रहाट बसवावा लागला. काशीच्या राजाने इंग्लंडच्या खेड्याला विहीर द्यावी, ही घटना राज्यकर्ते व प्रजा यांच्या रूढ नात्याला उलटे करणारी आहे. येथे मात्र तिचे महत्त्व निराळे आहे : पाणी खोल गेले की इंग्लंडचे खेडेही दोर व बादलीकडेच वळते.

गोडीची, म्हणजे पिण्याजोगेपणाची, अटही इंग्लंडात सर्वत्र पुरी होत होती असे नाही. १८५४ च्या पटकीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडून त्या पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पंप पाणी सोपे करतो, शुद्ध करीत नाही. खालचे पाणी जसे असेल तसेच तो वर आणतो. वऱ्हाडच्या संदर्भात हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर अनुभवास येणार होते.

२. खोली

अमरावती व अकोला या जिल्ह्यांची भूमी पाण्याच्या दृष्टीने एकजिनसी नाही. उत्तरेस गाविलगडचा डोंगर व त्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा. मध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. आणि दक्षिणेस काळ्या खडकाचा चढत जाणारा प्रदेश. पूर्णा बैतुलच्या डोंगरात उगम पावते, पश्चिमवाहिनी होऊन अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाते आणि खानदेशात चांगदेवजवळ तापीस मिळते. चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या तिला उत्तरेकडून, तर पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन या दक्षिणेकडून येऊन मिळतात.

दक्षिणेकडील काळ्या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत. पावसाळ्यानंतर अशा विहिरीत पाणी हाताला लागेल इतके वर असते. फाल्गुन-चैत्रापासून ते खाली जाऊ लागते आणि वैशाखात तळाशी कुंडीएवढे उरते. ज्या पंपाची झेप पंचवीस फुटांची, तो नेमका ज्या महिन्यांत हवा त्याच महिन्यांत कोरडा पडावयाचा. दोराला ही अडचण नाही. पाणी एक हात खाली गेले की दोराला आणखी एक हात जोडता येतो. रहाट, दोर व पोहरा यांना मागासलेपणाची खूण मानणाऱ्याने हे ध्यानात घेतले पाहिजे की, बदलत्या पाणपातळीशी जुळवून घेण्याचा तो सर्वात स्वस्त उपाय होता. शेतीच्या पाण्यासाठी मोट होती. बैलांच्या बळावर कातड्याची मोट पंचवीस काय, साठ फुटांवरूनही पाणी काढू शकत असे.

त्याहून खोल पाण्यासाठी माणूसच पाण्यापर्यंत उतरे. दर्यापूर तालुक्यातील महिमापूर येथील पायविहीर हे याचे वऱ्हाडातील सर्वात भव्य उदाहरण होय. कमानी व पायऱ्या यांनी बांधलेली ही सातमजली विहीर पाहिली म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात पाणी किती खाली शोधावे लागे, हे कोणत्याही आकड्याहून अधिक स्पष्ट होते. नरनाळ्याच्या किल्ल्यावर जमिनीतील पाण्याचा भरवसा नसल्याने पावसाचे पाणी टाक्यांत साठवीत. दोहोंमागील विचार एकच आहे : पाणी वर येत नसेल, तर माणसाने त्याच्याकडे जावे किंवा ते पडताच धरावे.

पायविहिरीला एक भयंकर दोषही होता. पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याची सोय म्हणजेच नारूच्या प्रसाराची सोय. नारू झालेल्या माणसाच्या जखमेतून जंताची पिले पाण्यात उतरत, तेथील सूक्ष्म जीवांत वाढत आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या शरीरात जात. १९८४ साली या रोगाच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातील अखेरचा रोगी १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पायऱ्या बुजविणे, विहिरीला कठडा बांधणे, पाणी गाळून पिणे आणि हातपंप बसविणे या उपायांचा या यशात वाटा आहे. म्हणून पायविहिरीच्या शिल्पाचे कौतुक करताना तिचा हा दुसरा इतिहास विसरता येत नाही.

३. गोडी

वऱ्हाडच्या मध्यभागाची खरी व्यथा खोलीची नव्हे, खारटपणाची आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या प्रदेशाला लोक खारपाणपट्टा म्हणतात. येथे काळ्या खडकाच्या खचलेल्या भागात नद्यांनी आणलेल्या गाळाचे थर साचले असून काही ठिकाणी त्यांची जाडी तीनशे मीटरहून अधिक आहे. चिकणमातीच्या या थरांतून पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो, पाऊस बेताचा व उन्हाळा कडक, त्यामुळे क्षार धुऊन जाण्याऐवजी मागे राहतात. विहीर खणली तर पाणी लागते. परंतु ते तहान भागवीत नाही, त्यात डाळ शिजत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते.

हे पाणी किती खारट होते याचे ऐतिहासिक प्रमाण उपलब्ध आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खास विहिरी खणून त्यांच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याचा उद्योग पूर्वी चालत असे. इंग्रजी अमलात तो बंद पडला. ए. सी. लायल यांनी संपादिलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरपासून पुढील सरकारी वर्णनांत या खाऱ्या विहिरींचा विषय येत राहिला. ज्या विहिरीतून मीठ निघते तिच्यावर उत्तमातला उत्तम पंप बसविला तरी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न जागच्या जागीच राहणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

या पट्ट्यातील लोकांनी आपल्या परीने मार्ग काढले. नदीनाल्याच्या वाळूत झिरे खणून त्यात हळूहळू पाझरणारे पाणी वाटीवाटीने भरून घेणे, गावतळ्यात पावसाचे पाणी राखणे, जेथे एखाद्या विहिरीला गोडे पाणी लागले असेल तेथून बैलगाडीवर पिपे भरून आणणे, हे ते मार्ग. घरात दोन पाणी वेगळे ठेवण्याची रीत पडली : वापरायचे खारे आणि प्यायचे गोडे. पाहुण्याला गोडे पाणी देणे हा आदरातिथ्याचा भाग झाला. खारपाणातल्या गावात मुलगी देताना आईबाप विचार करतात, ही गोष्ट या भागात आजही सांगितली जाते. तिच्यात पाणी आणण्याचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात याची स्वच्छ कबुली आहे.

पाण्याच्या दुर्भिक्षाचा ठसा वऱ्हाडच्या भक्तिपरंपरेतही उमटला आहे. शेगावचे श्री गजानन महाराज यांच्या चरित्रातील अकोटजवळच्या अकोली गावची कथा सर्वश्रुत आहे. भर उन्हात महाराजांनी शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलांकडे पाणी मागितले. दुरून डोक्यावर वाहून आणलेले पाणी देण्यास पाटलांनी नकार दिला. तेव्हा बारा वर्षे कोरड्या असलेल्या जवळच्या विहिरीला महाराजांच्या कृपेने पाणी आले आणि पाटील त्यांचे शिष्य झाले, असे ही कथा सांगते. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाने ती घरोघरी नेली. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेतील तपशील मोलाचे आहेत. शेतकरी घरून पाणी वाहून नेतो, ते परक्याला देणे त्याला परवडत नाही, आणि कोरड्या विहिरीला पाणी लागणे हाच चमत्काराचा परमावधी मानला जातो. ज्या प्रदेशात पाणी सुलभ असते तेथे अशी कथा घडत नाही.

संत गाडगे महाराज हे याच भूमीचे. त्यांचा जन्म १८७६ मध्ये आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा येथे आजोळी गेले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. तेथे नदीवर उतरताना यात्रेकरूंना चिखल तुडवावा लागे. ती गैरसोय पाहून महाराजांनी लोकांच्या श्रमाने व वर्गणीने तेथे घाट उभा केला. पुढील आयुष्यात त्यांनी धर्मशाळा, घाट व पाणपोया उभारण्याचे जे कार्य केले, त्याचा आरंभ पाण्याच्या काठावरचा आहे, हे लक्षणीय होय.

४. अधिकार

खोली व गोडी हे निसर्गाचे प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न माणसाने निर्माण केला. गावच्या विहिरीवर सर्वांचा दोर पडत नसे. अस्पृश्य मानलेल्या जातींची विहीर वेगळी. ती नसेल किंवा आटली असेल तर गावविहिरीपासून दूर उभे राहावयाचे आणि कोणी वरून पाणी ओतील त्याची वाट पाहावयाची. उन्हाळ्यात एका विहिरीचे पाणी आटले म्हणजे सवर्ण कुटुंबाला दुसरी विहीर असे; महारवाड्याला नसे. म्हणजे दुष्काळ हा प्रथम व सर्वांत तीव्र त्यांच्यावरच येई. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांचा विचार करताना धान्याच्या भावाइतकेच हे पाण्याचे गणित ध्यानात घ्यावयास हवे.

सार्वजनिक विहीर ही संज्ञाच येथे संदिग्ध होती. १८८५ च्या वऱ्हाड ग्रामीण मंडळ कायद्याने आणि पुढे १९२० च्या मध्य प्रांताच्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा व तालुका पातळीवर लोकांच्या संस्था उभ्या राहिल्या. रस्ते, शाळा, दवाखाने यांबरोबर विहिरी हाही त्यांच्या कामाचा भाग होता. करातून बांधलेली विहीर कायद्याने सर्वांची. रूढीने मात्र काहींचीच. या विसंगतीवर पहिला मोठा आघात कोकणात झाला. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात भरली. मंदिराचे दार व विहिरीचा काठ हे एकाच लढ्याचे दोन भाग होते.

या लढ्याला वऱ्हाडात शासकीय अधिकाराची जोड दिली ती डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेले आणि विलायतेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले पंजाबराव अंबादेवी सत्याग्रहात अग्रभागी होते. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि कौन्सिलच्या अखत्यारातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. या घटनेचे महत्त्व असे की, महाडला जनतेने उच्चारलेला हक्क येथे एका निर्वाचित स्थानिक संस्थेने आपले कर्तव्य म्हणून मान्य केला. ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सर्वांचे दोर विहिरीत पडले असे नव्हे. पण नाकारणारा आता रूढीचा पाईक न राहता नियम मोडणारा ठरला.

पुढील पायऱ्या सर्वज्ञात आहेत. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सरकारी खर्चाने राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने नदी, झरा, विहीर, तलाव, टाकी यांबरोबर पाण्याच्या नळाचाही नावानिशी उल्लेख करून असा मज्जाव शिक्षापात्र केला. कायदेकर्त्यांनी नळाचा समावेश करावा हे सूचक आहे. पाण्याचे साधन बदलले तरी भेद आपोआप जाणार नाही, ही जाणीव त्यामागे दिसते.

५. हातपंपाचे पुनर्घडण

वऱ्हाडच्या खडकात हातपंप खऱ्या अर्थाने पोहोचला तो एका वेगळ्या यंत्राच्या पाठीवर बसून. कठीण खडकात सुरुंग लावून विहीर खणण्यास महिनेच्या महिने लागत. दाबाखालील हवेने हातोडा चालविणारी यंत्रे संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालनिधीने १९६७ च्या दुष्काळाच्या सुमारास भारतात आणली आणि काही इंच व्यासाचे, दीडदोनशे फूट खोल छिद्र थोड्याच दिवसांत पाडणे शक्य झाले. खेड्यात या छिद्राला आणि त्यावरील पंपाला मिळून बोरिंग असे नाव पडले. हापसी हा शब्दही रूढ झाला. १९७२ च्या दुष्काळाने या कामाला महाराष्ट्रात फार मोठी गती दिली.

मात्र छिद्रावर बसविलेले प्रारंभीचे पंप टिकले नाहीत. ते युरोप-अमेरिकेतील घरगुती व शेतावरील ओतीव पंपांच्या धर्तीवर घडविलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळ चालवावयाचा पंप येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अडीचशे-तीनशे माणसांसाठी अविरत चालू लागला. खिळी झिजली, दांडे मोडले, वायसर फाटले. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत बसविलेल्या पंपांपैकी सुमारे तीनचतुर्थांश बंद आढळले. इंग्लंडचे गावपंप आदर्श मानून त्यांची नक्कल करणे म्हणजे काय, याचा हा निकाल होता.

या अपयशातून जो मार्ग निघाला तो महाराष्ट्रातून निघाला, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी ध्यानात नाही. वऱ्हाडला लागून असलेल्या जालना येथे ख्रिस्ती मिशनच्या विहीरकामातून एक नवा पंप घडविण्यात आला. ओतीव लोखंडाच्या ऐवजी पोलादी पत्रा व नळ आणि अनेक सांध्यांच्या ऐवजी एकच आस, ही त्याची वैशिष्ट्ये. सोलापूर येथे याच धर्तीवर अधिक सुधारणा झाल्या. दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड व त्यावरून उतरणारी साखळी बसविल्याने सळई सरळ वरखाली होऊ लागली आणि घर्षण कमी झाले. याच सोलापुरी पंपाच्या पायावर भारत सरकार, बालनिधी व मद्रास येथील यांत्रिकी संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. कोइमतूर परिसरात त्याची कसून परीक्षा झाली आणि १९७७–७८ च्या सुमारास त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. पुढे तो आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला.

या पंपाचे मर्म त्याच्या नळकांड्यात आहे. ते जमिनीवर नसून खाली पाण्यात असते, म्हणून तोरिचेल्लीची मर्यादा त्याला लागू पडत नाही आणि शंभर-दीडशे फुटांवरूनही एक स्त्री पाणी काढू शकते. तोंड बंद असल्याने त्यात कचरा, पालापाचोळा किंवा पोहऱ्याबरोबर येणारी घाण पडत नाही. विहिरीत लाल औषध टाकून पटकीला आवर घालण्याची जी दरसालची धडपड होती, ती बऱ्याच अंशी अनावश्यक झाली. खोलीचा प्रश्न अशा रीतीने सुटला.

अधिकाराचा प्रश्न अर्धा सुटला. उघड्या विहिरीत एकाचा पोहरा पडला की सगळे पाणी विटाळते, ही कल्पना बंद नळीपुढे टिकणे कठीण होते. खालच्या पाण्याला कोणाचाच हात लागत नव्हता. पण दांडा तर सर्वांच्या हाताचा. त्यामुळे विटाळ पाण्यातून निघून दांड्यावर व रांगेत येऊन बसला. पंप कोणत्या वस्तीत बसवावयाचा, हा वाद विहिरीच्या काठावरून ग्रामपंचायतीच्या बैठकीत गेला. जेथे दलित वस्तीत स्वतंत्र हापसी आली तेथे अपमान टळला, हे निःसंशय. परंतु वेगळ्या विहिरीची जागा वेगळ्या पंपाने घेतली, असेही त्याचे वर्णन करता येईल. १९२८ चा ठराव सामाईक पाण्याचा होता. यंत्राने पाण्याची टंचाई कमी करून त्या ठरावाची कसोटी काही ठिकाणी पुढे ढकलली.

आणि गोडीचा प्रश्न सुटलाच नाही. खारपाणपट्ट्यात पंपाने खारे पाणी अधिक सुलभतेने वर आणले, इतकेच. असे पंप भांडी-कपड्यांपुरते व जनावरांपुरते राहिले. ब्रॉड स्ट्रीटचा धडा येथे निराळ्या स्वरूपात पुन्हा गिरविला गेला. वर्षानुवर्षे असे पाणी पिण्यात आल्याने मूत्रपिंडाचे विकार वाढल्याची चिंता या भागात सतत व्यक्त होत आली आहे.

६. समारोप

खारपाणाला उत्तर शेवटी जमिनीखालून नव्हे, डोंगरातून आले. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचे गोडे पाणी धरणांत अडवून नळाने खाली आणणे हाच तो मार्ग. अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांसाठी वान प्रकल्पावर उभी राहिलेली चौऱ्याऐंशी खेडी योजना आणि अमरावती जिल्ह्यात शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगावकडे जाणारा पुरवठा ही त्याची उदाहरणे होत. ज्या नद्यांच्या वाळूत बायका झिरे खणीत, त्याच नद्यांचे पाणी आता उगमाजवळ धरून गावात येते. तथापि नळयोजनेत एक नवी पराधीनता आहे. विहिरीचा दोर तुटला तर घरचा माणूस जोडी. पंपाचा वायसर फाटला तर तालुक्याचा कारागीर येई. नळ मात्र कित्येक मैलांवरील धरणातील पाणी, वीज व जलवाहिनी यांवर अवलंबून असतो, आणि टोकाच्या गावाला पाळीची वाट पाहावी लागते. शेतीचे पाणी व पिण्याचे पाणी यांचे हक्कही एकाच धरणावर येऊन भिडतात.

वरील विवेचनावरून असे दिसते की, वऱ्हाडात हातपंप उशिरा आला हे विधान खरे असूनही अपुरे आहे. इंग्लंडचा पंप जसाच्या तसा आणला असता तर तो दक्षिणेत वैशाखात कोरडा पडला असता आणि मध्यभागी मीठ ओकला असता. जे यंत्र शेवटी उपयोगी पडले ते जालना-सोलापूरच्या अनुभवातून नव्याने घडविलेले होते. त्यानेही तीनपैकी एक प्रश्न पुरता सोडविला, दुसरा अर्धा. तिसऱ्याला त्याचा हात पोहोचला नाही. खोली यंत्राने जिंकली, गोडी धरणाने आणली. अधिकार मात्र कोणत्याही यंत्राने दिला नाही. तो १९२७–२८ साली माणसांनी मिळविला व पुढे कायद्यात लिहविला. या तिन्हींना एकाच प्रगतीच्या रेषेत बसविल्यास या शेवटच्या गोष्टीचे श्रेय लोखंडाला जाते, आणि ज्यांनी विहिरीच्या काठी अपमान सोसून हक्क मागितला त्यांचा इतिहास पुसला जातो.

आज वऱ्हाडच्या अनेक गावांत बुजत चाललेला आड, गंजलेली हापसी आणि नवी नळयोजना ही तिन्ही एकाच चौकात उभी असलेली दिसतात. अभ्यासकाने त्यांच्याकडे जुने व नवे अशा क्रमाने पाहण्यापेक्षा प्रत्येकापाशी तेच तीन प्रश्न विचारावेत : पाणी किती खाली होते, ते कसे लागत होते, आणि ते भरण्यासाठी कोणाला थांबावे लागत होते. जिल्हा कौन्सिलांचे व ग्रामपंचायतींचे दप्तर आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ही या प्रश्नांची साधने होत. त्यांपैकी दुसरे साधन प्रतिवर्षी कमी होत आहे.